रविवारचे नेत्र शिबिर: ग्रुपवर झालेली चर्चा

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ९ ते १ या वेळेत क्लबहाऊसमध्ये डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढण्याचे शिबिर ठेवले आहे. डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब टाकावे लागणार नाहीत. इच्छुकांनी फ्लॅट क्रमांकासह इथेच नाव नोंदवावे.

ए-३०१: माझा चष्म्याचा नंबर दिवाळीपूर्वीच तपासून झाला असून तो बदललेला नाही, आणि दूरचे-जवळचे दोन्ही स्वच्छ दिसते. तेव्हा आमच्यासारख्यांनी उगाच गर्दी करू नये, असे वाटते.

सी-२०४ (निवृत्त ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे दृष्टी तपासणारी तज्ज्ञ): काका, राग मानू नका, पण हे शिबिर स्वच्छ दिसणाऱ्यांसाठीच आहे. तक्त्यावरची अक्षरे वाचता आली म्हणजे पडद्याचा मधला भाग, ज्याला मॅक्युला म्हणतात, तो ठीक काम करतो आहे, एवढेच कळते. आपणच मागे शुगरच्या गोळ्यांचा उल्लेख केला होता, म्हणून सविस्तर लिहिते. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांना आधी सूक्ष्म फुगवटे येतात, पुढे त्यांतून रक्त आणि चरबीयुक्त द्रव झिरपू लागतो, आणि फोटोत ते लाल ठिपके व पिवळसर डाग म्हणून दिसतात; मात्र ही सूज मॅक्युलापर्यंत पोहोचेपर्यंत माणूस आरामात शेवटची ओळ वाचत राहतो. लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शन यांचा उपयोग वेळेवर झाला तर नजर टिकवण्यासाठी होतो. गेलेली नजर पूर्ण परत येईल याची खात्री कोणी देत नाही. म्हणून टाइप २ मधुमेहाचे निदान होताच पडदा तपासून घ्यावा आणि त्यानंतर साधारणपणे दरवर्षी, असा नियम आहे, कारण निदानापूर्वीही साखर बरीच वर्षे वाढलेली असू शकते.

बी-५०२: ताई, मग थेंब टाकून अर्धा दिवस अंधुक दिसणारी ती दरवर्षीची तपासणी यंदा टाळता येईल का? त्या दिवशी मला स्कूटर चालवता येत नाही आणि ऑफिसही बुडते.

सी-२०४: फोटो चांगला आला म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी परस्पर रद्द करू नका. शिबिरातला कॅमेरा बहुधा एका फोटोत पडद्याचा ४५ अंशांचाच भाग टिपतो. ज्यांचा मायनस नंबर मोठा आहे, त्यांच्या पडद्याच्या कडा पातळ होऊन तिथे छिद्र पडण्याचा धोका असतो, आणि या कडा अशा फोटोत येतच नाहीत. काचबिंदूचेही तसेच: नेत्रमज्जातंतूच्या मुळाशी असलेला खळगा मोठा दिसला तर संशय घेता येतो, परंतु डोळ्याचे प्रेशर कॅमेरा मोजत नाही, दृष्टिक्षेत्र तपासत नाही, आणि प्रेशर नॉर्मल असतानाही काचबिंदू होऊ शकतो. आणखी एक गोष्ट सचिवांनी शिबिरवाल्यांना आधीच विचारावी. मोतीबिंदू असला किंवा बाहुली लहान असली तर फोटो धूसर येतो. असा फोटो ‘काही आढळले नाही’ या रकान्यात जाता कामा नये. त्या व्यक्तीला थेंब टाकून तपासणीसाठी पाठवायलाच हवे. ज्येष्ठांच्या बाबतीत हे वरचेवर घडते.

ए-७०३: पत्रकात ‘एआय तात्काळ अहवाल देईल’ असे लिहिले आहे. त्यावर कितपत विसंबावे?

सी-२०४: त्याला जे शिकवले आहे, तेवढ्यापुरते. डॉक्टरांच्या वाचनाशिवाय निकाल देणाऱ्या अशा पहिल्या प्रणालीला अमेरिकेत २०१८ साली परवानगी मिळाली, तीसुद्धा प्रौढ मधुमेहींच्या पडद्यातील विकार शोधण्यापुरती. ‘निगेटिव्ह’ म्हणजे तो एक विकार दिसला नाही. डोळा निरोगी असल्याचा दाखला नव्हे. पत्रकात नेमके कोणते आजार तपासणार हे छापलेले नाही, ते मला खटकले.

सचिव: दोन्ही मुद्दे आजच विचारतो. फोटो या ग्रुपवरच पाठवले तर चालतील का?

सी-२०४: कृपया नको. एक तर तो प्रत्येकाचा खाजगी वैद्यकीय कागद आहे, आणि इथून पाठवताना फोटोचा दर्जाही घसरतो. मूळ फाइल ज्याची त्याला ईमेलने द्यावी. पुढच्या वर्षीच्या फोटोशेजारी ती ठेवली की ठिपके वाढले की तेवढेच आहेत, हे डॉक्टरांना पाहता येते.

डी-४०३: माझ्या उजव्या डोळ्यापुढे कालपासून अचानक काळे ठिपके तरंगतात आणि कडेला वीज चमकल्यासारखे होते. रविवारी सर्वांत आधीची वेळ मिळेल का?

सी-२०४: वहिनी, रविवारची वाट पाहू नका. ही पडदा फाटल्याची किंवा सुटू लागल्याची लक्षणे असू शकतात, आणि फाट कडेला असेल तर शिबिरातल्या फोटोत ती दिसणारही नाही. आत्ताच फोन करून लक्षणे जशीच्या तशी सांगा आणि आजच थेंब टाकून पडदा पाहणाऱ्या नेत्रतज्ज्ञांकडे जा. स्वतः गाडी चालवू नका. मध्येच खिडकीचा पडदा ओढल्यासारखी सावली नजरेपुढे दिसू लागली, तर तीही लगेच सांगा.

डी-४०३: हे कामावर गेले आहेत. मी रिक्षा बघते.

बी-१०१: वहिनी, रिक्षा शोधू नका, मी घरीच आहे. गाडी डी विंगसमोर आणतो. आपली फाइल आणि चालू औषधांची चिठ्ठी तेवढी सोबत घ्या.