वांगं, बैंगन, ब्रिंजल: शब्द एक की तीन?

भुसावळकर: भरताच्या वांग्यांच्या खोक्यावर मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही नावं छापायची आहेत. ही नावं एकाच मुळाची का? आणि आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदचं वांगं तर हिरवंगार, मग 'वांगी रंग' जांभळा कसा?

यावलचे नाना: भाऊ, तिन्ही एकच. संस्कृत 'वातिंगण'. मराठीत मधला 'त' गळाला. हिंदीत 'व'चा 'ब' झाला, वीस-बीस, वाघ-बाघ तसाच. इराणात 'बादिंगान'. अरबीत 'ग' नाही म्हणून 'बादिंजान'. अरबांबरोबर तो स्पेन-पोर्तुगालात गेला. पोर्तुगीजांनी 'बेरिंजेला' म्हणत परत इकडे आणला आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'ब्रिंजल' झालं. म्हणजे ब्रिंजल हे आपलंच वांगं, जग फिरून आलेलं.

शब्दवेडी: नाना, त्या 'ग'च्या 'ज'चा आणखी एक नमुना घरातच आहे. फारसी 'गुलाब' अरबीत 'जुलाब' झाला, गुलाबपाण्याचं गोड सरबत. ते रेचकाबरोबर द्यायचे, म्हणून आपल्याकडे जुलाब म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहेच.
वांग्याचं फ्रेंच नाव 'ओबेर्जीन', त्याच्या सुरुवातीचा 'ओ' हा अरबीत नामाआधी लागणाऱ्या 'अल'चा अवशेष. पॅरिसात गाड्यांना दंडाची पावती लावणाऱ्या बायकांना गणवेशाच्या रंगावरून 'ओबेर्जीन' म्हणत. इटलीत 'मेलान्झाना', लोकांनी त्याची फोड 'मेला इन्साना', म्हणजे वेडं सफरचंद, अशी केली. फोड चुकीची, पण टिकली!

नाना: नुसत्या आवाजावरून नातं जोडलं की असंच फसतं. चेहऱ्यावरचे वांगही वांग्याचे नव्हेत, ते 'व्यंग'वरून आलेत.

भुसावळकर: आणि रंगाचं?

शब्दवेडी: रंगाचं नाव जास्त दिसणाऱ्या जांभळ्या जातीवरून पडलं, बामणोदला विचारून नाही. इंग्रजी 'एगप्लांट' तर पांढऱ्या, अंड्याएवढ्या वांग्यावरून आलं.

नाना: आता खोक्याचं. देशात 'ब्रिंजल' चालेल. लंडनला 'ओबर्जीन', अमेरिकेला 'एगप्लांट' लिहा. तिथल्या गिऱ्हाइकाला ब्रिंजल कळत नाही. माल सुरतेला जाणार असेल तर गुजरातीत 'रींगण'. आणि हिरव्या वांग्याच्या खोक्यावर जांभळं चित्र छापू नका.