'ला जबाबदार' की 'ची जबाबदारी'? एका वाक्यात अडकलेय

रानजाई:
मी अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये राहते. आमच्या गल्लीतल्या एका सत्तरीच्या गोऱ्या आजींनी घराचे जुने कागद काढले तर खरेदीखतात अट सापडली, हे घर कृष्णवर्णीयांना विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. इथे 1910 पासून अशा अटी घालायचे, 1953 मध्ये राज्यानं नव्या अटींवर बंदी आणली, 1968 च्या कायद्यानं देशभर बेकायदा झाल्या, पण कागदावरचे शब्द तसेच राहिले. 2019 पासून घरमालकाला ती अट रद्द केल्याची नोंद करता येते, ती आजींनी केली आणि शेजाऱ्यांसाठी एक पत्रक लिहिलं. सोमाली आणि स्पॅनिशमध्ये झालं, मराठीचं काम माझ्याकडे.
त्यातलं एक वाक्य साधारण असं आहे की व्यवस्थेतल्या वंशभेदात माझा स्वतःचा दोष नसेल, पण आम्हा गोऱ्यांवर त्याची जबाबदारी आहे. मी लिहिलं 'वंशभेदाला आम्ही गोरे जबाबदार आहोत', नवरा म्हणाला हा तर कबुलीजबाब झाला. मग 'वंशभेदाची जबाबदारी आम्ही घेतो' असं केलं तर सासूबाई फोनवर म्हणाल्या, अगं स्फोटाची जबाबदारी अमक्या संघटनेनं घेतली अशी बातमी असते ना, तसं वाटतंय. आणि खरंच तसंच वाटतंय! काय लिहू?

आडवाट:
विभक्तीमुळे घोटाळा होतोय. 'अपघाताला जबाबदार' म्हटलं की दोषी, 'आईची जबाबदारी माझ्यावर' म्हटलं की कर्तव्य. शब्द एकच, पण 'ला' आला की बोट मागे जातं आणि 'ची' आला की पुढे. 'वंशभेदाची' मध्ये दोन्ही अर्थ शिरतात, म्हणून मधे एक क्रियापद घाला, 'वंशभेद मोडून काढण्याची जबाबदारी आमची'.

गोदाकाठ:
मुळात जबाबदारी कशाला? 'उत्तरदायित्व' हा स्वच्छ शब्द असताना अरबी-फारसीची उसनवारी का करायची? पत्रक छापील आहे, भाषा नीट हवी.

आडवाट:
काका, जबाब म्हणजे उत्तर आणि दार म्हणजे बाळगणारा. तुमच्या शब्दातही उत्तर देणाराच बसलाय. घडण जवळजवळ सारखी, मग भाजीवाल्या मावशींना कळणारा का टाकायचा?

गोदाकाठ:
कळण्याचा मुद्दा मान्य, पण जबाबाला पोलीस ठाण्याचा वास आहे, जबाब नोंदवला म्हणतात. रानजाईताईंच्या यजमानांना कबुलीजबाब आठवला तो उगाच नाही. उत्तरदायित्वाला तो वास नाही.

रानजाई:
हे मात्र पटलं. पण आजींना तो शब्द वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या फार लांब आहे, श्वास लागतो 🙂
आणि 'व्यवस्थेतला' चं काय करू? आधी मी 'पद्धतशीर वंशभेद' लिहिलं होतं, तर ते कुणीतरी बसून कट केल्यासारखं झालं. एकीनं 'रचनात्मक' सुचवलं, पण मराठीत रचनात्मक कार्य म्हणजे चांगलं काम, अर्थ पार उलटा होतो.

आडवाट:
'संस्थात्मक' चालेल. 1967 मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीतले स्टोकली कार्माइकल आणि अभ्यासक चार्ल्स हॅमिल्टन यांनी उघड आणि संस्थात्मक वंशभेदातला फरक मांडला होता. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार काळ्या मुली मारल्या, ते सगळ्यांना दिसलं, निदान तोंडानं तरी निषेध झाला. पण त्याच शहरात अन्न, निवारा, औषध न मिळाल्यानं दरवर्षी काळी बाळं मरत होती, तिथे मारणारा हात दिसत नाही म्हणून कुणी गुन्हा म्हणत नव्हतं. तुमचा शब्द हे दुसरं दाखवणारा हवा. मला तर साधं 'मुरलेला वंशभेद' आवडेल.

सह्यकडा:
मला हे सगळंच खटकतं. कातडी गोरी म्हणून जबाबदार धरायचं, हाच वंशभेद नाही का? पोलंडहून परवा आलेल्या माणसानं काय केलं?

रानजाई:
त्यानं काहीच केलं नाही, आजींनीही नाही. पण 1930 च्या दशकात सरकारी संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले, काळ्यांच्या वस्त्या लाल केल्या आणि तिथे कर्ज धोक्याचं असं ठरवलं. 1944 च्या कायद्यानं युद्धावरून परतलेल्यांना घरकर्जाची हमी दिली, तीही काळ्या सैनिकांच्या हातात बहुतेक ठिकाणी आलीच नाही. आजींच्या वडिलांना कर्ज मिळालं, घर झालं, त्या घरावर आजींचं कॉलेज झालं. हे त्यांचे शब्द, मी ढकललेले नाहीत. पोलंडहून आलेल्याला बँकेत आणि पोलिसांसमोर कोणत्या रांगेत उभं करतात ते बघा.

तलाठ्याची लेक:
इतकी चर्चा झाली आणि कुणाला 'बोजा' आठवला नाही? माझे वडील तलाठी होते. आजोबांनी सोसायटीचं कर्ज काढलं की सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढतो. आजोबा गेले, वारसनोंद झाली, जमीन नातवाच्या नावावर आली आणि बोजाही आला. नातू म्हणतो कर्ज मी नाही काढलं. वडील म्हणायचे, बाबा, तुला चोर कोण म्हणतंय, पण जमीन ठेवायची तर बोजा तुझाच. ताईंच्या आजींनी नेमकं हेच केलं, जमिनीच्या कागदावरचं उतरवलं. 'दोष माझा नाही, बोजा आमच्यावर आहे' असं लिहा.

रानजाई:
अंगावर काटा आला, खरंच.

गोदाकाठ:
उपमा सुंदर आहे, पण अडचण सांगतो. बोजा म्हणजे भारही. वाचणारा समजेल गोऱ्यांना काळ्यांचा भार झालाय. एका शब्दात अर्थ पालटेल.

तलाठ्याची लेक:
गावाकडच्या माणसाला तसं वाटणार नाही.

गोदाकाठ:
पत्रक गावाकडे जाणार नाहीये ना.

सह्यकडा:
बोजा फेडून संपतो तरी, आकडा असतो त्याला. इथे आकडा कोण सांगणार?

आडवाट:
शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन गावानं सांगायला सुरुवात केली, 2021 मध्ये घरांच्या भेदभावाची झळ बसलेल्या काळ्या कुटुंबांना घरांसाठी 25,000 डॉलरची योजना आणली. पुरेसं नाही, पण आकडा आहे.
बाकी दोष नसताना अंगावर घेणं आपल्याला नवं नाही. 1873 मध्ये फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना, इथल्यांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून.

भीमाकाठची:
पण 1877 ला अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामीतून सुटलेल्या काळ्यांच्या पाठीशी असलेल्या सरकारी फौजा काढून घेतल्या आणि त्याच देशानं काळ्यांना वाऱ्यावर सोडलं, तेही सांगा. जबाबदारी एकदा अंगावर घेतली की झालं असं नसतं. आणि माफ करा, इथे गोऱ्यांची विभक्ती सगळ्यांना जमतेय, पण पुण्यात घर भाड्यानं घेताना माझं आडनाव ऐकून खोली 'आत्ताच गेली' झाली त्याला काय शब्द आहे? तिथे 'ला जबाबदार' कोण आणि 'ची जबाबदारी' कुणाची? खरेदीखतात लिहिलेलं नसतं, म्हणून रद्दही करता येत नाही.

रानजाई:
ताई, माझ्याकडे याला उत्तर नाही. आमच्या सातही मराठी घरांत हे पत्रक वाचताना हाच प्रश्न यायला हवा.

गोदाकाठ:
याचा वेगळा धागा करावा असं सुचवतो, इथे मूळ प्रश्न शब्दाचा आहे.

भीमाकाठची:
काका, वेगळ्या धाग्यातच ठेवलंय आम्हाला.

आडवाट:
+1

सह्यकडा:
पण मग 'वंशभेद' हा शब्द तरी बरोबर आहे का? शाळेत आम्हाला दक्षिण आफ्रिकेचा धडा होता त्यात 'वर्णद्वेष' होतं. द्वेष नसतानाही चालतं म्हणताय तर द्वेष काढावा लागेल, आणि 'वर्ण' ठेवला तर भीमाकाठची म्हणतायत तेही आत येईल.

तलाठ्याची लेक:
मग वर्णच ठेवा की!
रानजाई, छापायला कधी द्यायचंय?

रानजाई:
शुक्रवारी. आजी रोज विचारतात.