ओम दर-ब-दर: तुम्ही कुठे पाहिलात? अनुभव लिहा

मैत्रा:
लेकीने काल डबक्यातले बेडूकमासे बरणीत आणून ठेवलेत. बघितले आणि 'ओम दर-ब-दर' सिनेमा आठवला. पुण्यात पाहिला, मैत्रिणीच्या भावाच्या खोलीत. दिग्दर्शक कमल स्वरूप तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, त्यामुळे तिथल्या पोरांकडे कॅसेटी फिरायच्या. कॉपीची कॉपी, कोण बोलतंय तेही धड दिसेना. अजमेरचं कुटुंब, नोकरी सोडून पत्रिका बघणारे बाबूजी, श्वास रोखून धरणारा ओम, बेडकांच्या पोटात हिरे. पुराण, विज्ञान, गाणी, जाहिराती, सगळं एकमेकांत घुसलेलं. गोष्ट आजही सांगता येणार नाही. पण आमच्या घरी एकाच फळीवर पंचांग, रेडिओ आणि दादाची जीवशास्त्राची वही असायची, ती फळी मला त्यात दिसली. तेव्हापासून सुटला नाही.

पाऊसवेडी:
बबलू बॅबिलॉन से!!! आता दिवसभर त्यातलं हेच गाणं डोक्यात. कुकर लावलाय, नंतर लिहिते

रमा_सातारा:
माझ्यासाठी ओमची बहीण गायत्री. सायकल चालवते, थिएटरात पुरुषांच्या बाजूला जाऊन बसते. आमच्या गावात टुरिंग टॉकीजला मध्ये दोरी बांधलेली असायची. बाकीचं कळलं नाही तरी चाललं मला. आईला दाखवायचा होता, राहून गेला. मार्चमध्ये गेली ती.

मैत्रा:
रमा, अगं... सावकाश लिही. आम्ही आहोत.

अबक:
१९८८ चा सिनेमा, थिएटरात लागला जानेवारी २०१४ मध्ये! मुंबईत पहिल्याच दिवशी गेलो. आमच्या कॅसेटवर सगळं राखाडी होतं, तिथे पुष्करचं पाणी बघून घसा दाटला. मध्यंतरात बरेच जण उठून गेले, त्यांचा राग नाही. शेजारचे एक आजोबा मात्र गाणं लागलं की मांडीवर ताल धरत होते.

नाशिककर:
थोडं विषयांतर. फाळक्यांवरही स्वरूप यांनी कित्येक वर्षं काम केलंय. फाळके सिनेमा सोडून काशीला गेले आणि तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिलं, त्याच नावाचा माहितीपट आहे. आमच्या त्र्यंबकचे फाळके! जरूर बघा.

पाऊसवेडी:
आले. मैत्रा, बरणीत नळाचं पाणी नको हं, क्लोरीनने मरतात. पाय फुटले की एखादा दगड ठेव, वर चढून बसायला.

मैत्रा:
पावसाचंच घातलंय. एकाला मागचे पाय फुटलेत, लेक शाळेत जायला तयार नाही.