मोठा डेटा भरताना इंडेक्स पाडावेत का?

ओळीतला पहिला: पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये लाखो ओळी भरायच्या असतील तर आधी इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोडणारा नियम) ड्रॉप करा, म्हणजे पाडा, कॉपी कमांडने फाइलमधला डेटा एकगठ्ठा ओता, मग इंडेक्स पुन्हा बांधा. इंडेक्स जागेवर असला की दर ओळीमागे प्रत्येक इंडेक्सच्या झाडासारख्या रचनेत जागा शोधावी लागते. नंतर बांधला तर एकदाच सॉर्ट होऊन सलग लिहिला जातो. बांधताना त्या सेशनपुरती मेंटेनन्स वर्क मेम (अशा कामांना मिळणारी मेमरी) वाढवा (मुळात ६४ एमबीच असते), शेवटी अ‍ॅनालाइझ, म्हणजे क्वेरी प्लॅनरसाठी टेबलाची आकडेवारी ताजी होते. एकेका ओळीच्या इन्सर्टच्या रांगा लावणं सोडा आता.

कोरा रकाना: कॉपीबद्दल +१, बाकी असहमत. टेबल रिकामं असेल तर ठीक. ५ कोटी ओळींच्या चालत्या टेबलात २ लाखांची भर घालायला सगळे इंडेक्स पाडणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं. सॉर्ट पुन्हा सगळ्या ५ कोटींचा, तोवर प्रत्येक क्वेरी अख्खं टेबल चाळणार. युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा येऊ न देणारा) पाडलात तर डुप्लिकेट आत शिरतात आणि तो परत बांधताना एरर येते. त्यापेक्षा अनलॉग्ड (बदलांची नोंदवही न ठेवणारं) स्टेजिंग, म्हणजे तात्पुरतं टेबल करा, सगळे कॉलम टेक्स्ट. तिथे कॉपी, साफसफाई, मग इन्सर्ट-सिलेक्टने मूळ टेबलात, जोडीला ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग (डुप्लिकेट ओळ गुपचूप सोडून द्या). मूळ टेबलात थेट साध्या कॉपीत शेवटच्या ओळीतली एक वाकडी तारीख सगळा भरणा रद्द करते, वर रद्द झालेल्या मेलेल्या ओळी व्हॅक्यूम (डेटाबेसची झाडलोट) होईपर्यंत डिस्क अडवून बसतात.

ओळीतला पहिला: युनिकचं मान्य. बाकीचे इंडेक्स कॉन्करंटली (टेबल वापरात ठेवूनच) बांधले तर लिहिणारे अडत नाहीत.

कोरा रकाना: कॉन्करंटली बांधताना मध्येच फसला तर इनव्हॅलिड, म्हणजे अर्धवट इंडेक्स मागे उरतो. क्वेरीला त्याचा उपयोग शून्य, पण दर इन्सर्टला त्याचा खर्च चालूच. आधी तो ड्रॉप करा, मग नव्याने बांधा.

सेमीकोलन: पाडायचेच असतील तर आधी लॉक टाइमआउट (लॉकसाठी किती थांबायचं ती मर्यादा) ३ सेकंद ठेवा. साध्या ड्रॉप इंडेक्सला टेबलावर पूर्ण लॉक लागतो. लांबलेल्या एका सिलेक्टमागे तो अडकला की त्याच्यामागे सगळ्यांची रांग. फॉरेन की परत लावताना नॉट व्हॅलिड म्हणून लावा (जुन्या ओळी तेव्हा तपासल्या जात नाहीत), त्यांची तपासणी, म्हणजे व्हॅलिडेट, नंतर सावकाश.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांनो, त्यातल्या इनोडीबी स्टोरेज इंजिनात प्रायमरी कीच्या (ओळीची मुख्य ओळख) क्रमानेच टेबल रचलेलं असतं, तिला हात लावू नका. फाइल त्याच क्रमाने सॉर्ट करून लोड डेटा (तिथली कॉपीसारखी कमांड) चालवा. आणि फॉरेन की चेक्स शून्य, म्हणजे बंद करून भरलेल्या ओळी, चेक परत चालू केल्यावर तपासल्या जात नाहीत. अनाथ ओळी (ज्यांची जोडीची ओळ दुसऱ्या टेबलात नाही) लेफ्ट जॉइनने दोन टेबलं जुळवून तुम्हालाच शोधाव्या लागतात.