मदत हवी आहे: दिसत नाही अशा मुलीकडून भिंगाची फोकल लेंग्थ कशी काढून घेऊ?

नमस्कार मंडळी, मी इंदूरला दहावीला सायन्स शिकवते. यंदा क्लासला एक मुलगी आहे, तिला अजिबात दिसत नाही, ब्रेल भराभर वाचते, फोनवर टॉकबॅक लावून सगळं ऐकते. शाळेत प्रॅक्टिकलला तिला स्टुलावर बसवून ठेवतात, पार्टनर रीडिंग सांगणार आणि ही ऐकणार. बोर्डात आकृतीच्या जागी वेगळा प्रश्न मिळतो ना, मग कशाला त्रास, असं म्हणे! अहो मार्कांचं नाहीच, तिला स्वतः करून बघायचंय.

केमिस्ट्री त्यामानाने सोपी गेली. अ‍ॅसिड की अल्कली ते सांगणारा लिटमसचा रंग तिच्या काय कामाचा, पण एनसीईआरटीच्या पुस्तकातच तेच वासावरून सांगणारे इंडिकेटर आहेत, कांदा, व्हॅनिला, लवंगेचं तेल. कांद्याच्या वासाच्या फडक्याच्या दोन पट्ट्या, एकीवर पातळ अ‍ॅसिड, दुसरीवर कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण (अल्कली), मग पाण्याने धुवून हुंगायच्या, कॉस्टिकवालीचा वास गायब (थेंब मीच टाकले, हातमोजे आणि चष्मा दोघींना). मोजायला सिरिंज, दट्ट्यावर दर ५ मिलीला ब्लेडने खाच. चुंबकाचं पण जमलं, कार्डाखाली चुंबक, वर लोहकीस, त्यावर लांबून हेअर स्प्रे, वाळलं की रेषा बोटाला लागतात. बाकीची पोरंसुद्धा तेच चाचपत बसली होती.

गाडी अडलीय प्रकाशात. लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर स्पष्ट आली की भिंग ते पडदा अंतर मोजा, तीच फोकल लेंग्थ, पण स्पष्ट आली हे तिला कळणार कसं? ऊन एकवटून हातावर चटका वगैरे मला नकोय. एलडीआरला (उजेड वाढला की ज्याचा रोध कमी होतो तो पार्ट) बझर जोडून होईल का? पार्ट जेल रोडवर मिळतील, पण सर्किटमध्ये मी ढ आहे, कोणी केलंय का असं?

प्रतिसाद १
ताई, होईल, पण बझर नको, तो एकाच सुरात कोकलतो. ५५५ आयसीचं (टायमरची चिप) ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारं सर्किट करा, पिन ६ आणि ७ च्या मध्ये एलडीआर, आउटपुटला कपॅसिटरमधून छोटा स्पीकर, ९ व्होल्टची बॅटरी. उजेड वाढला की सूर चढतो. एलडीआरवर बारीक भोक पाडलेला काळा कागद चिकटवा, खोलीत अंधार, ५-६ मीटरवर एकच बल्ब. बल्ब, भिंग, भोक एका रेषेत तुम्ही लावून द्या, मग भिंग मागेपुढे तिने सरकवायचं, सूर सगळ्यात वर गेला की थांबायचं.

मूळ धागाकर्ती
अरे वा, हे सुचलंच नव्हतं! आणि अंतर? पट्टी तिने कशी वाचायची?

प्रतिसाद १
लाकडी पट्टीवर दर सेंटीमीटरला फेविकॉलचा ठिपका, दर पाचव्याला दोन. रात्रभर वाळू द्या मात्र.