अटकेत गेलेल्या गव्हर्नरची सही आणि ओबामांची रिकामी जागा: बरिस यांची नेमणूक सिनेटने मान्य करायला हवी होती का?

मूळ मत (नाशिक)

९ डिसेंबर २००८ रोजी सकाळी इलिनॉय राज्याचे गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांना एफबीआयने शिकागोतील त्यांच्या घरी अटक केली. बराक ओबामा अध्यक्षपदी निवडून आल्याने अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहातील, म्हणजे सिनेटमधील, त्यांची जागा रिकामी झाली होती. ती भरण्याचा अधिकार गव्हर्नरांचा होता, आणि त्या बदल्यात आपल्या पदरात काय पाडून घेता येईल याची बोलणी ते दूरध्वनीवर करत होते, हा त्यांच्यावरील मुख्य आरोपांपैकी एक होता. हाती आलेली ही गोष्ट सोन्यासारखी आहे आणि ती आपण फुकट देणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे शब्द ध्वनिमुद्रित झालेले होते. (अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राष्ट्रपतींनी नेमलेले राज्यपाल नव्हेत, तो मतदारांनी थेट निवडलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो.) अटकेनंतर तीन आठवड्यांनी, ३० डिसेंबरला, याच गव्हर्नरांनी याच जागेवर राज्याचे माजी ऍटर्नी जनरल रोलंड बरिस यांना नेमले.

ही नेमणूक सिनेटने स्वीकारायलाच नको होती, असे माझे ठाम मत आहे. सातबाऱ्यावर नोंद करण्यासाठी पैसे मागताना पकडला गेलेला तलाठी तीन आठवड्यांनी तीच नोंद स्वतःच्या हाताने करू लागला, तर गावातला कोणीही ती नोंद स्वच्छ मानणार नाही, मग ज्याच्या नावे ती झाली तो माणूस कितीही सज्जन असो. इथे तर गव्हर्नरांनी नेमणूक करू नये, असे सिनेटमधील ५० डेमोक्रॅट सदस्यांनी, म्हणजे त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी, आधीच पत्राने बजावले होते. राज्याचे सचिव जेसी व्हाइट यांनी नेमणुकीच्या प्रमाणपत्रावर सही करण्यास नकार दिला. ६ जानेवारी २००९ रोजी बरिस शपथ घेण्यासाठी गेले, तेव्हा कागदपत्रे नियमानुसार नाहीत असे सांगून सिनेटने त्यांना परत पाठवले. इतके सगळे केल्यावर १५ जानेवारीला त्यांना शपथ दिली गेली, आणि त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी इलिनॉयच्या सिनेटने ब्लागोयेविच यांना ५९ विरुद्ध ० मतांनी पदावरून दूर केले. अमेरिकी सिनेटला हे चौदा दिवस थांबता आले नाही, याची खंत मला आजही वाटते.

प्रतिसाद (पुणे, वकिलीचा व्यवसाय)

आपला उद्वेग मला समजतो, पण तलाठ्याचे उदाहरण इथे लागू पडत नाही. तलाठ्याला निलंबित करणारा वरिष्ठ अधिकारी असतो आणि निलंबनाचा आदेश निघताच त्याचा अधिकार थांबतो. गव्हर्नरला असा वरिष्ठ नसतो. इलिनॉयमध्ये तेव्हा त्याला हटवण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाचा होता, आणि तोही महाभियोगाच्या मार्गानेच. ३० डिसेंबरला तो पूर्ण झालेला नव्हता. राज्याच्या ऍटर्नी जनरल लिसा मॅडिगन यांनी त्यांना पदासाठी अक्षम ठरवावे म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. न्यायालयाने ती मागणी फेटाळली. म्हणजे त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने गव्हर्नर एकच होते, आणि त्यांचा प्रत्येक अधिकार शाबूत होता.

१९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने सिनेटर थेट लोकांनी निवडावेत असे ठरवले, आणि मध्येच जागा रिकामी झाली तर तात्पुरती नेमणूक करण्याचा अधिकार गव्हर्नरला देण्याची मुभा राज्याच्या विधिमंडळाला दिली. इलिनॉयच्या कायद्याने तो अधिकार दिलेला होता. व्हाइट यांच्या सहीबद्दल ९ जानेवारीला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की राज्याच्या कायद्यानुसार नेमणूक वैध होण्यासाठी त्या सहीची गरज नाही. त्याच दिवशी राज्याच्या प्रतिनिधिगृहाने ब्लागोयेविच यांच्यावर ११४ विरुद्ध १ मताने महाभियोग मंजूर केला. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या, आणि माझ्या मते दोन्ही बरोबर होत्या. चौदा दिवस थांबून काय साधले असते? गव्हर्नर गेला म्हणून त्याने पदावर असताना कायद्याने केलेली नेमणूक आपोआप रद्द होत नाही. आरोप झाला की अधिकार संपला असे मानले, तर उद्या कोणत्याही राज्यातील विरोधक एखाद्या फिर्यादीच्या बळावर कारभार ठप्प करू शकतील.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

तलाठ्याला वरिष्ठ असतो, हा मुद्दा मी मान्य करतो. पण सिनेट काही टपाल स्वीकारणारी खिडकी नाही. आपल्या सदस्यांची निवड आणि पात्रता तपासण्याचा अधिकार घटनेने तिला दिला आहे, आणि याच राज्याच्या बाबतीत तो पूर्वी वापरला गेला आहे. १९२६ मध्ये इलिनॉयच्या गव्हर्नरांनी फ्रँक स्मिथ यांना रिक्त जागेवर नेमले. वीज कंपन्यांचे मालक सॅम्युअल इन्सल यांच्याकडून स्मिथ यांनी निवडणुकीसाठी मोठा पैसा घेतल्याचे उघड झाल्याने सिनेटने त्यांना आसन नाकारले. तेव्हा जे जमले ते २००९ मध्ये का जमू नये?

प्रतिसाद (पुणे)

कारण मध्ये १९६९ उजाडले होते. निवडून आलेले सदस्य ॲडम क्लेटन पॉवेल यांना केंद्रीय प्रतिनिधिगृहाने बाहेर ठेवले, तेव्हा केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की वय, नागरिकत्व आणि वास्तव्य या घटनेतील अटी पूर्ण करणाऱ्या निर्वाचित सदस्याला सभागृह इतर कारणाने वगळू शकत नाही. पॉवेल निवडून आलेले होते आणि बरिस नेमलेले, हा फरक मी लपवत नाही. नेमणूकच लाच देऊन मिळवली असेल तर सिनेटला ती तपासता येईल, असा युक्तिवाद करता येतो. परंतु बरिस यांनी काही दिल्याचा पुरावा जानेवारीत कोणाकडेही नव्हता. आणि स्मिथ यांच्यावरील ठपका नेमणाऱ्या गव्हर्नरमुळे आला नव्हता, त्यांच्या स्वतःच्या वर्तनामुळे आला होता.

प्रतिसाद (शिकागोजवळच्या उपनगरातून)

त्या हिवाळ्यात मी इथेच होतो, म्हणून कायद्यापलीकडची एक बाजू मांडतो. ओबामा गेल्यावर शंभर जणांच्या सिनेटमध्ये एकही कृष्णवर्णीय सदस्य उरला नव्हता. बरिस हे इलिनॉयमध्ये राज्यव्यापी पदावर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय. बारा वर्षे ते राज्याचे हिशेब-नियंत्रक होते. नेमणुकीच्या घोषणेवेळी अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे संसदेचे, सदस्य बॉबी रश उभे राहिले आणि नेमणाऱ्याच्या पापासाठी नेमलेल्याला फासावर चढवू नका, असे त्यांनी बजावले. जमावाने फासावर लटकवण्याच्या घटनांनी भरलेल्या इथल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासात त्या शब्दाचा अर्थ काय होतो, हे सिनेटमधील प्रत्येकाला माहीत होते. गव्हर्नरांनी नाव निवडताना हे सारे हिशेबात घेतले असणार, असे मला तेव्हाही वाटले आणि त्याचा संतापही आला. पण म्हणून रश यांचे म्हणणे खोटे ठरत नव्हते.

तरीही वकील महोदय, पुरावा नव्हता एवढ्यावर आपण थांबू नये. गव्हर्नर किंवा त्यांच्या माणसांशी आपले आधी काही बोलणे झाले नव्हते, अशा आशयाचे प्रतिज्ञापत्र बरिस यांनी महाभियोगाच्या समितीला दिले होते. शपथविधीनंतर, फेब्रुवारीत, त्यांनी दुसरे प्रतिज्ञापत्र देऊन मान्य केले की गव्हर्नरांच्या भावाने त्यांच्याकडे निधीसाठी विचारणा केली होती. खोट्या साक्षीचा खटला भरला गेला नाही, हे खरे. मात्र नोव्हेंबर २००९ मध्ये सिनेटच्या आचारसंहिता समितीने, त्यांनी दिलेली माहिती विसंगत, अपुरी आणि दिशाभूल करणारी असल्याचे नमूद करून त्यांना लेखी समज दिली. आम्ही इथले मतदार होतो, आणि आमच्या नावाने बसलेल्या माणसाबद्दल हे वाचणे फार क्लेशदायक होते.

माझा खरा राग मात्र आमच्या विधिमंडळावर आहे. अटकेनंतर लगेच पोटनिवडणुकीची मागणी झाली होती, आणि ती करणाऱ्यांत आमचे ज्येष्ठ सिनेटर डिक डर्बिन हेही होते. विधिमंडळात डेमोक्रॅट पक्षाचे स्पष्ट बहुमत होते आणि कायदा बदलणे त्यांच्या हाती होते. पण पोटनिवडणूक घेतली तर जागा रिपब्लिकनांकडे जाईल, ही भीती आणि खर्चाचे कारण यांत तो विषय मागे पडला. गव्हर्नरांना ३० डिसेंबरचा दिवस त्यांनीच मोकळा ठेवला.

प्रतिसाद (ठाणे)

या शेवटच्या मुद्द्याला जोडून. बरिस यांच्या मतामुळे काही बिघडले नाही, असे कोणी म्हणू नये. २४ डिसेंबर २००९ रोजी आरोग्य विम्याचा कायदा सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ मतांनी संमत झाला, आणि विरोधकांची अडवणूक मोडण्यासाठी त्या साठांतील प्रत्येक मत आवश्यक होते. मी त्या कायद्याच्या बाजूचा आहे. तरीही ते एक मत कोणत्या हाताने सिनेटमध्ये पोचले, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

मतदारांचा हक्क शेवटी न्यायालयात जाऊनच मिळाला. रिक्त जागेसाठी निवडणूक घ्यावीच लागेल, असे केंद्रीय अपील न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आणि त्या नोव्हेंबरात इलिनॉयच्या लोकांनी एकाच दिवशी त्याच जागेसाठी दोनदा मत दिले: एकदा पुढच्या सहा वर्षांसाठी, आणि एकदा ओबामांच्या उरलेल्या मुदतीसाठी. दोन्हीकडे रिपब्लिकन पक्षाचे मार्क कर्क जिंकले. २९ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली, तेव्हा त्या मुदतीचे जेमतेम पाच आठवडे शिल्लक होते.