पुतण्यासाठी होल्स्टर आणि कमरपट्टा: चामडे कोणते घ्यावे?

सोलापूरकर:
नमस्कार. टेक्सासमधील माझा पुतण्या काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंगच्या (जुन्या काउबॉय काळातील वेशात, तशाच बंदुकांनी होणाऱ्या नेमबाजीच्या) स्पर्धांत उतरणार असून, दोन सिंगल-अ‍ॅक्शन (दर गोळीआधी घोडा हाताने मागे ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरांसाठी होल्स्टरची (कमरेला लावायच्या चामडी म्यानांची) जोडी व कमरपट्टा सोलापुरातील आमच्या ओळखीच्या कारागिराकडून शिवून घ्यावा, अशी त्याची इच्छा आहे. चामडे कोणते घ्यावे आणि माप कसे द्यावे?

चर्मप्रेमी:
बाभूळ किंवा तरवडाच्या सालीने कमावलेलेच चामडे घ्यावे. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले मऊ चामडे ओले करून घडवले तरी आकार धरत नाही, शिवाय त्यातील क्षारांमुळे पोलादाला गंज चढण्याची भीती असते. साडेतीन-चार मिलिमीटर जाडी हवी, कारण रिव्हॉल्व्हर काढताच होल्स्टरचे तोंड मिटले, तर रिव्हॉल्व्हर एका हाताने परत ठेवता येत नाही. नक्षीकाम मागाहून पाहावे, कारागिरांना त्याचाच मोह अधिक!

नेमबाज:
नळीची लांबी आधी विचारावी, कारण पावणेपाच, साडेपाच आणि साडेसात इंच अशा तिन्ही लांबीच्या नळ्या प्रचलित आहेत. ओले चामडे तिच्यावर घडवता यावे म्हणून पुतण्याकडून रिव्हॉल्व्हरची त्याच मापाची प्लास्टिकची प्रतिकृती मागवावी. कंबरेचे माप पँटच्या लेबलवरून न घेता, पट्टा जेथे बसणार तेथे, कपड्यांवरून टेप फिरवून घ्यावे आणि ते बकलपासून मधल्या भोकापर्यंत धरावे. या खेळाचे नियम ठरवणाऱ्या सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांनुसार होल्स्टर उभ्या रेषेपासून ३० अंशांहून अधिक कललेले चालत नाही, हे कारागिराला कागदावर रेखाटून द्यावे.

सोलापूरकर:
आभारी आहे. काडतुसांच्या कड्या पट्ट्यावर शिवाव्यात का?

नेमबाज:
शिवाव्यात, परंतु काडतुसाचे माप (कॅलिबर) .३८ की .४५ हे विचारूनच. आणि काडतुसे त्यांत कायमची ठेवू नयेत, पितळेवर हिरवा थर चढतो.